एका रात्रीत बदललेलं मूल

या महिन्याच्या टपालात मावळातून आलेली काही पत्रं एकाच विषयाची आहेत. मुलाला घसा धरून ताप येतो, तो बरा होतो आणि थोड्याच दिवसांत त्याचं वागणं असं बदलतं की घरच्यांना ते मूल ओळखू येत नाही. मग सुरू होते डॉक्टरांच्या दारोदारची फिरती. ही पत्रं एकत्र घेऊन या वेळचा पूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही वराळ्यात राहतो. मिस्टर तळेगाव एमआयडीसीत कामाला आहेत. आमचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. गणपतीच्या आधी त्याचा घसा खूप दुखला, ताप आला. औषधानं तीन-चार दिवसांत बरा झाला. पुढे दोन आठवड्यांनी एके दिवशी सकाळी उठला आणि हात धुवायला गेला, तो मोरीतून बाहेरच येईना. त्या दिवसापासून हात धुऊन धुऊन सालं निघालीत. जेवणाला शिवत नाही, घास घशात अडकेल म्हणतो. रात्री मला सोडून झोपत नाही. दर दहा मिनिटांनी लघवीला जातो. अक्षर इतकं बिघडलंय की बाईंनी वही घरी पाठवली. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी लघवी तपासली, ती नॉर्मल आली. तिसरे म्हणाले, लाड कमी करा. माझ्या नणंदेनं अमेरिकेतून पांडास नावाचा आजार कळवला. असा आजार खरंच असतो का? कुणाला दाखवायचं?
— एक आई, वराळे

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं खरी आहेत आणि लाडानं मूल असं होत नाही, हे आधी सांगतो. तुम्ही दिवस लक्षात ठेवलात, हे फार मोलाचं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

घशाच्या आजारांचे जंतू अनेक. त्यातल्या ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूला वैद्यकात वेगळं स्थान आहे. तो घशातून गेल्यावरही त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं रक्तात राहतात आणि काही मुलांत ती चुकून स्वतःच्याच अवयवांवर उलटतात. हृदय आणि सांधे यांच्या बाबतीत हे फार पूर्वीपासून माहीत आहे; त्या आजाराला रुमॅटिक ताप म्हणतात. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. हालचाली, सवयी आणि मनात येणारे विचार यांना लगाम घालायचं काम तो करतो. प्रतिद्रव्यांचा रोख तिकडे वळला तर नको त्या हालचाली, नको ते विचार आणि टोकाची भीती एकाएकी उफाळू शकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा पन्नास मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या अवस्थेला ‘पांडास’ हे नाव दिलं. वय तीन वर्षांपासून वयात येईपर्यंतचं, मंत्रचळ (ओसीडी) किंवा टिक्स (अंगाचे अनावर झटके), सुरुवात एकाएकी, त्रासाचे चढउतार, हालचालींतला अस्वस्थपणा आणि स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाशी वेळेचा मेळ, अशा त्याच्या खुणा होत्या. पुढे २०१२ मध्ये ‘पॅन्स’ ही अधिक व्यापक व्याख्या आली. तिच्यात संसर्ग सिद्ध व्हायलाच हवा अशी अट नाही. ओसीडी किंवा अन्न जवळजवळ तोडणं एकाएकी सुरू व्हावं लागतं आणि त्याच्या जोडीला सात गटांपैकी निदान दोन गटांतली लक्षणं लागतात. चिंता, मनाचे हेलकावे किंवा उदासी, चिडचिड व आक्रमकता, लहान बाळासारखं वागणं, अभ्यासात घसरण, अक्षर बिघडण्यासारखे हालचालींचे व संवेदनांचे बदल, झोप किंवा लघवीच्या तक्रारी, असे ते सात गट. तुमच्या पत्रात यांतलं बरंच काही आहे. म्हणून या दिशेनं तपासणी व्हायलाच हवी.

या निदानाविषयी तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत, हेही तुम्हाला माहीत असावं. शाळकरी वयात घशाचा हा संसर्ग इतका नेहमीचा आहे की एखाद्या मुलात तो आणि मंत्रचळ निव्वळ योगायोगानं पाठोपाठ येऊ शकतात. ‘हा पांडासच’ असं सांगणारी एकही रक्ततपासणी किंवा स्कॅन आज नाही. निदान ठरतं ते घटनाक्रमावरून, अंगतपासणीवरून आणि दुसरे आजार वगळून. एरवी ओसीडी हळूहळू, महिनोन् महिने वाढत जातो. एक-दोन दिवसांत टोकाला पोचणं हीच इथली मुख्य खूण आहे आणि ती फक्त घरची माणसंच सांगू शकतात. म्हणून तारखा महत्त्वाच्या.

आता काय करायचं ते क्रमानं सांगतो. एका कागदावर लिहून काढा : घसा कधी दुखला, कोणतं औषध किती दिवस दिलं, बदल कोणत्या दिवशी दिसला, पहिल्या आठवड्यात काय काय झालं, घरात आणखी कुणाचा घसा दुखला होता का. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घ्या. जुनी वही आणि नवी वही बरोबर ठेवा. हे घेऊन आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. तुमच्याजवळ तळेगाव दाभाडे इथं माईमर वैद्यकीय महाविद्यालयाचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एका आवारात मिळतात, हा मोठा फायदा आहे.

डॉक्टरांनी घसा, गुदद्वाराजवळची त्वचा (तिथेही हा जिवाणू असू शकतो), हृदय, सांधे आणि हातांच्या हालचाली तपासायला हव्यात. घशाचा स्वॅब कल्चरला पाठवावा आणि तो नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेला बरा. रक्तात एएसओ आणि अँटी-डीएनेझ-बी या, स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिद्रव्यं मोजणाऱ्या चाचण्या काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केल्या तर चढउतार कळतो. यापुढच्या चाचण्या मुलाच्या लक्षणांवर ठरतात. विल्सन आजार, ल्युपस, फिट्स, मेंदूला सूज आणणारे इतर प्रतिद्रव्यांचे आजार यांची शंका आली तरच रक्ताच्या विशेष चाचण्या, ईईजी किंवा एमआरआय लागतात. सगळ्याच मुलांना सगळं लागत नाही.

पाणीसुद्धा पोटात जात नसेल, वजन भराभर उतरत असेल, फिट आली, मूल गुंगीत गेलं, बोलणं बंद झालं, किंवा स्वतःला इजा करायच्या गोष्टी ते बोलू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

घशात जिवाणू सापडला तर पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन पूर्ण दहा दिवस द्यावं लागतं. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी औषध सोडायचं नाही. ओसीडीचे उपचार मात्र रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबवू नका. कारण कोणतंही निघो, मंत्रचळाचा त्रास आज होतोय आणि त्यावरचा उपचार उपलब्ध आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं तर एएसओ ५०० च्या वर आला. कागदावर नॉर्मल २०० पर्यंत लिहिलंय. कुणी म्हणतं, दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्या. अलीकडे ती चिडचिड करते. तिला पांडास झाला असेल का?
— एक वडील, कामशेत

उत्तर : एएसओ वाढलेला असणं म्हणजे या मुलीच्या शरीराची स्ट्रेप्टोकोकसशी कधीतरी गाठ पडली होती, एवढाच अर्थ. संसर्गानंतर आठवडाभरात हा आकडा चढू लागतो, तीन ते सहा आठवड्यांत शिखर गाठतो आणि पुढे काही महिने वर राहू शकतो. शाळकरी मुलांत तो २०० च्या वर असणं नेहमीचं आहे. छापील मर्यादा पुष्कळदा मोठ्या माणसांच्या हिशेबानं दिलेली असते. उलट बाजूही ध्यानात ठेवा : काही मुलांत खरा संसर्ग होऊनही एएसओ चढत नाही. म्हणून एकट्या आकड्यावरून ना पांडास ठरतो, ना रुमॅटिक ताप.

पायदुखी कशी आहे ते बघा. संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या दुखणं आणि सकाळी उड्या मारत शाळेला जाणं, हे वाढत्या वयात दिसतं. गुडघा किंवा घोटा सुजणं, गरम लागणं, आज एक सांधा आणि उद्या दुसरा असं दुखणं फिरणं, बरोबर ताप किंवा धाप, हे रुमॅटिक तापाचं चित्र आहे. तसं असेल तर ईसीजी आणि टू-डी एको करून घ्या. इंजेक्शन सुचवणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘जोन्सच्या निकषांत माझी मुलगी बसते का?’ रुमॅटिक तापाचं निदान या निकषांवर होतं. निदान पक्कं झालं तर इंजेक्शन एकदाही चुकवू नका. निदानच नसेल तर केवळ आकडा खाली आणण्यासाठी वर्षानुवर्षं इंजेक्शन देण्याचं कारण नाही.

आणखी एक. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. एकदम चढलेला ताप, गिळताना तीव्र वेदना, गळ्यात दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव असेल तर स्ट्रेप्टोकोकसची शक्यता अधिक. अशा घशाला डॉक्टरांची नजर हवीच.

प्रश्न : मी वडगाव मावळजवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चौथीतली एक हुशार मुलगी गेल्या महिन्यापासून पेन्सिल हातातून पाडते, पाण्याचा पेला सांडते, तोंड वेडंवाकडं करते, मध्येच रडते. एका जागी शांत बसत नाही. बाकीची मुलं तिची नक्कल करतात. घरचे म्हणतात, ढोंग करते. मी काय करू?
— एक शिक्षिका, मावळ तालुका

उत्तर : मॅडम, या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती तुमच्या विद्यार्थिनीची. तिला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. पालक टाळत असतील तर मुख्याध्यापकांना मध्ये घ्या, पण हे होऊ द्या.

तुम्ही वर्णन केलंय ते सिडनहॅम कोरियाचं असू शकतं. थॉमस सिडनहॅम या इंग्लिश वैद्यानं १६८६ मध्ये हे चित्र लिहून ठेवलं. हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अचानक, अनियमित, मुलाच्या मनाविरुद्ध होणाऱ्या हालचाली, गळून गेलेले स्नायू, बिघडलेलं अक्षर आणि बरोबर रडवेपणा, चिडचिड, कधी मंत्रचळही. मुलींमध्ये तो जास्त दिसतो. झोपेत हालचाली थांबतात. डॉक्टर जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगतात, तर ती आत-बाहेर होत राहते. बोटं घट्ट धरायला सांगितली तर पकड आवळते, सैल होते, पुन्हा आवळते. अशा साध्या तपासणीनं पुष्कळसं कळतं.

पांडासची कल्पनाच मुळात कोरियाच्या अभ्यासातून निघाली. आपल्याकडे मात्र ही दोन नावं वेगळी ठेवणं फार गरजेचं आहे. कोरिया हा रुमॅटिक तापाचा भाग आहे. टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये रुमॅटिक तापाचे निकष मांडले, तेव्हापासून तो त्यातला एक प्रमुख निकष आहे. तो घशाच्या संसर्गानंतर एक ते सहा महिन्यांनीही उगवतो. तोवर घसा सगळे विसरलेले असतात आणि एएसओसुद्धा खाली आलेला असू शकतो. अशा पुष्कळ मुलांच्या हृदयाच्या झडपांना आतून सूज असते आणि स्टेथोस्कोपला ती नेहमी ऐकू येत नाही. म्हणूनच २०१५ मध्ये सुधारलेल्या जोन्स निकषांत रुमॅटिक तापाची शंका असलेल्या प्रत्येक मुलाचा एको करावा असं म्हटलं आहे.

हालचाली काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा थांबतात. झडपेची इजा मात्र दर नव्या संसर्गागणिक वाढत जाते. ती टाळायला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यावं लागतं. हृदय ठीक असेल तर पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडपेला बाधा झाली असेल तर आणखी लांब. पुणे-लोणावळा लोकलच्या वाटेवर, पिंपरीत १९५४ मध्ये सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभारला तो पेनिसिलीन देशात बनावं म्हणून. सत्तर वर्षांनंतरही या आजारात त्याहून खात्रीचं औषध आपल्याकडे आलेलं नाही. एखाद्या मुलाला पांडासचं नाव देऊन एको राहून गेला आणि तो खरा कोरिया असला, तर ही संधीच हातची जाते. माझ्या दृष्टीनं या विषयातली सर्वांत मोठी चूक ती आहे.

तुमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे. पथकाला ही मुलगी मुद्दाम दाखवा, पण पथक यायला वेळ असेल तर थांबू नका. वर्गात तिला तोंडी उत्तरं देऊ द्या, लेखनाला जास्त वेळ द्या, पुढच्या बाकावर बसवा. बाकीच्या मुलांना एकच सांगा : ती मुद्दाम करत नाही, ती आजारी आहे आणि बरी होणार आहे.

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. अचानक घाबरतो, एकच गोष्ट शंभरदा विचारतो, उंबरा तीनदा ओलांडतो. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलं. गावाकडचे म्हणतात, बाहेरचं आहे, देवऋषाला दाखवा. सूनबाईला ते पटत नाही. घरात वाद होतात. मी कुणाचं ऐकू?
— एक आजोबा, लोणावळा

उत्तर : आजोबा, सूनबाईंचं ऐका. तुम्ही घरातले वडीलधारे आहात. तुम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहिलात तर अर्धा वाद मिटेल आणि नातवाला त्याचा थेट फायदा होईल.

घरात देवापुढे दिवा लावा, प्रार्थना करा, त्याला माझी हरकत नाही. पण उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारणं, औषध बंद करायला लावणं यांतलं काहीही नातवाला होऊ देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि या आजारातलं मूल आधीच भीतीनं अर्धमेलं झालेलं असतं. आपल्या आत काहीतरी शिरलंय असं मोठ्या माणसांनी त्याला सांगितलं तर ती भीती दुप्पट होते.

आता तुम्ही करू शकाल असं काम सांगतो. नातू विचारतो, ‘आजोबा, मला काही होणार नाही ना?’ तुम्ही मायेनं म्हणता, ‘नाही रे बाळा.’ त्याला दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तोच प्रश्न येतो. दर उत्तराबरोबर मंत्रचळाची पकड घट्ट होत जाते. मंत्रचळावर जी मानसोपचार पद्धत वापरतात तिच्यात मुलाला भीतीला थोडं थोडं सामोरं जायला आणि ती कृती न करता थांबायला शिकवतात. उंबरा तीनदा ओलांडायचा असेल तर आधी दोनदा, मग एकदा, मग फक्त अस्वस्थता सोसून पुढे जायचं. हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करायचं आणि घरच्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवायचं. आईनं उत्तर टाळायचं आणि आजोबांनी गुपचूप द्यायचं, असं झालं तर उपचार पुढे सरकत नाही. तुम्ही एवढंच म्हणा : ‘हा प्रश्न तुझा आजार विचारतोय. तू माझ्याजवळ बस, आपण मिळून थांबू.’ आधार द्यायचा तो मुलाला, मंत्रचळाला नाही.

काही मुलांना जोडीला मंत्रचळावरच्या गोळ्याही लागतात. एकाएकी सुरू झालेल्या आजारातली मुलं या गोळ्यांना जास्त हळवी असू शकतात, म्हणून डॉक्टर अगदी छोट्या मात्रेनं सुरुवात करतात. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली तर डॉक्टरांना कळवा. स्वतः गोळी बंद करू नका.

प्रश्न : आमच्या मुलाला एका डॉक्टरांनी पॅन्स सांगितलं. नातेवाईक सुचवतात की सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन द्या, टॉन्सिल काढून टाका, अँटिबायोटिक वर्षभर चालू ठेवा. आम्ही कर्ज काढायच्या विचारात आहोत. योग्य काय?
— आई-वडील, तळेगाव दाभाडे

उत्तर : कर्ज काढण्याआधी पुरावा काय सांगतो ते वाचा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका छोट्या चाचणीत इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलणं या दोन्ही उपायांनी आजाराच्या तीव्र अवस्थेतल्या मुलांना फायदा झालेला दिसला. त्यामुळे जगभर आशा वाढली. २०१६ मध्ये ३५ मुलांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. कुणाला खरं औषध आणि कुणाला दिखाऊ द्रव दिला जातोय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण प्रत्येक मुलाला हे द्यावंच असं म्हणायला आधार नाही. हा उपाय आजार गंभीर असलेल्या, बाकीचे उपचार योग्य रीतीनं करूनही न सुधारलेल्या मुलासाठी, मेंदूविकार आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींतले जाणकार असलेल्या मोठ्या रुग्णालयातच विचारात घ्यावा. डोकेदुखी, ताप, ॲलर्जी असे त्याचे दुष्परिणाम आहेत. स्टेरॉइडलाही हीच शिस्त लागू आहे. काही मुलांत त्यानं चिडचिड आणि झोपेचा त्रास वाढतो.

टॉन्सिल केवळ पॅन्ससाठी काढण्याची शिफारस नाही. वारंवार सुजणं, झोपेत श्वास अडकणं अशी टॉन्सिलची स्वतःची कारणं असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ तो निर्णय घेतील. वर्षभराच्या अँटिबायोटिकचंही तसंच. रुमॅटिक ताप सिद्ध असेल तर ते आवश्यक आहे. पॅन्समध्ये, प्रत्येक वेळी सिद्ध संसर्गानंतरच त्रास उसळत असेल अशा मोजक्या मुलांत तज्ज्ञ त्याचा विचार करतात.

पैसा आणि शक्ती आधी कशावर खर्च करावी विचाराल तर माझं उत्तर असं : संसर्गाचा पूर्ण उपचार, नियमित मानसोपचार, झोप, पोटात जाणारं अन्न आणि शाळेशी बोलून आखलेली सवलत. यांतली कोणतीही गोष्ट दिखाऊ नाही आणि पुष्कळ मुलं एवढ्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. पुन्हा संसर्ग झाला तर त्रास परत येऊ शकतो, हे मनात ठेवून घशाकडे लक्ष द्या.

प्रश्न : एक वर्ष फिरतोय. प्रत्येक डॉक्टर वेगळं नाव देतो. कुणी एडीएचडी, कुणी चिंता, कुणी ‘मोठा होईल तसं जाईल’. पांडासचा खास डॉक्टर पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळेल? आता बायकोची तब्येतही खालावली आहे.
— एक वडील, देहूरोड

उत्तर : फक्त या एका आजाराचा म्हणून डॉक्टर शोधू नका. त्या शोधात वर्षं जातात आणि कधी कधी प्रत्येक मुलात एकच आजार पाहणाऱ्याच्या हाती आपण सापडतो. तुम्हाला हवा आहे एक मुख्य डॉक्टर, जो सगळे कागद एकत्र वाचेल, आणि त्याच्या सोबत गरजेप्रमाणे बालमेंदूविकारतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि हृदयतज्ज्ञ. मुख्य डॉक्टर बहुधा बालरोगतज्ज्ञच असतो.

अशी माणसं एका छताखाली मिळावीत म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांची आणि मोठी रुग्णालयं गाठावीत. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पुण्यात ससून, रास्ता पेठेतलं केईएम आणि धनकवडीचं भारती रुग्णालय, मुंबईत परळचं मुलांचं वाडिया रुग्णालय. गुंतागुंत मोठी असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये बाल आणि किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. जाण्याआधी त्या रुग्णालयाच्या ओपीडीचे वार फोनवर विचारून घ्या.

भेटीला जाताना एकच फाइल न्या. पहिल्या पानावर तारखांचा क्रम, दुसऱ्यावर आजवरची औषधं, मात्रा आणि प्रत्येकाचा झालेला परिणाम, मग रिपोर्ट. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : या मुलाला आणखी कोणते आजार असू शकतात आणि ते कशानं वगळले? हृदयाची तपासणी झाली का? पुढच्या भेटीत सुधारणा आपण कशावरून मोजणार? या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारा आणि जिथं खात्री नाही तिथं तसं म्हणणारा डॉक्टर मिळाला की तिथं थांबा. त्याला काही महिने द्या. पॅन्स हे नाव एखाद्या डॉक्टरला पटत नसेल, तरी तो मुलाची नीट तपासणी करून ओसीडीचा उपचार करत असेल, तर तो तुमच्या उपयोगाचा डॉक्टर आहे.

तुमच्या पत्नीविषयी. आजारी मुलाची रात्र-रात्र जागणारी आई स्वतः आजारी पडते, यात नवल नाही. आठवड्यातल्या काही रात्री मुलाजवळ तुम्ही झोपा. तिला स्वतःसाठी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं. तो क्रमांक मुलासाठी जितका आहे, तितकाच तुम्हा दोघांसाठीही.

या सगळ्या पत्रांना मिळून एक सांगणं. मुलाचं वागणं एकाएकी बदललं तर रागावण्याआधी तारीख लिहून ठेवा. बालरोगतज्ज्ञांकडून घसा आणि हृदय तपासून घ्या, एको सांगितला तर तो पुढे ढकलू नका. मनाचे उपचार त्याच आठवड्यात सुरू करा. निदानाचं नाव ठरायला वेळ लागला तरी चालेल, या तीन गोष्टींना उशीर होऊ देऊ नका.